विजेच्या गाडीला जोडलेला तंबू : पेडणे, डिचोलीतील मुक्कामाचा हिशेब

विजेवर चालणाऱ्या मोटारीच्या मागच्या दाराला कापडी तंबू जोडायचा, गाडी आणि तंबू मिळून एकच निवारा करायचा आणि गाडीच्याच बॅटरीवर दिवा, पंखा, शेगडी चालवून रात्र काढायची, असा हा मुक्काम असतो. परदेशांत तो गेल्या काही वर्षांत रुळला. गोव्यात त्याचा विचार करताना आधी राज्याचा आकार ध्यानात घ्यावा लागतो. गोव्याची उत्तर-दक्षिण लांबी सुमारे १०५ किलोमीटर आणि रुंदी सुमारे ६५ किलोमीटर. मोठ्या राज्यांत वीजवाहनाच्या मालकाला वाटेत चार्ज संपण्याची जी धास्ती असते, ती येथे जवळजवळ निरर्थक ठरते. पणजीहून हरमलला जाऊन परत येण्यास बॅटरीचा जेमतेम पाव हिस्सा लागतो. उरलेली वीज मुक्कामासाठी मोकळी राहते. या प्रकाराचे गोव्यातील खरे आकर्षण तेच आहे.

त्याच्या अडचणीही गोव्याच्याच आहेत. तंबू ठोकण्यासारखी म्हणून जी जागा दिसते, ती बहुधा कुणाची तरी असते. कासवाची, कोमुनिदादीची, देवस्थानची, काजू बागायतदाराची किंवा पावसाळ्यात नदीची. पेडणे आणि डिचोली हे राज्याच्या उत्तर टोकाचे दोन तालुके या दृष्टीने पाहण्याजोगे आहेत. एकात समुद्रकिनारा, पठार आणि शापोरा नदी. दुसऱ्यात तलाव, लेणी, खाणी आणि कुळागरे. दोन्ही ठिकाणी विजेच्या गाडीने काही प्रश्न सुटतात, काही तसेच राहतात.

धुराविना रात्र

तंबू आणि मोटार यांची सांगड नवी नाही. साठ-सत्तरच्या दशकांत युरोपातून जमिनीमार्गे व्हॅन घेऊन आलेले प्रवासी हणजुणे, हरमलच्या किनाऱ्यांवर महिनोन्‌महिने राहत. त्याही आधी, शेतात राखणीसाठी बांधलेल्या मांगरात रात्र काढणे गोव्याच्या शेतकऱ्याला नवलाचे नव्हते. नवे आहे ते इंजिनाचे मौन. पेट्रोल किंवा डिझेलच्या गाडीत वातानुकूलन चालू ठेवून झोपायचे तर इंजिन चालू ठेवावे लागते, आणि इंजिनाच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो. या वायूला रंग नाही, वास नाही. झोपेत तो शरीरात गेला की रक्तातील प्राणवायूची जागा घेतो आणि माणूस जागाच होत नाही. मागच्या दाराला तंबू जोडला असेल तर धोका अधिक, कारण धुराची नळी नेमकी त्याच बाजूला असते. डिसेंबर २०२४ मध्ये केरळातील वडकर येथे रस्त्याकडेला उभ्या असलेल्या कॅराव्हॅनमध्ये दोन जण मृतावस्थेत आढळले. जनरेटरमधून आत शिरलेला कार्बन मोनॉक्साइड हे त्यामागचे कारण असल्याचे तपासात पुढे आले.

विजेच्या गाडीला धुराची नळीच नाही. गाडी रात्रभर चालू स्थितीत राहिली, आतले वातानुकूलन फिरत राहिले, तरी त्यातून विषारी वायू निघत नाही. जीव वाचवणारा फरक हाच, बाकी सोयी त्यानंतरच्या. मात्र या सुरक्षिततेचा चुकीचा अर्थ काढला जाऊ शकतो. तंबूत कोळशाची शेगडी, गॅसचा छोटा स्टोव्ह किंवा डास पळवण्यासाठी धुमसता निखारा ठेवला, तर गाडी विजेची असली तरी तोच वायू तंबूत साचतो. बंद तंबूत ज्योत नको, हा नियम गाडीच्या जातीवर अवलंबून नाही.

जोडणीचे तीन प्रकार प्रचलित आहेत. पहिला, मागचे दार वर उचलून त्यावर बाहीसारखे कापड चढवण्याचा. दुसरा, गाडीच्या कुशीला छपरी लावून तिला भिंती जोडण्याचा. तिसरा, टपावर घडीचा तंबू बसवण्याचा. पहिल्या दोन प्रकारांत गाडीत कायमचा बदल होत नाही. तंबू सोडला की गाडी पूर्ववत. टपावरच्या तंबूचे तसे नाही. त्याचे वजन, वाऱ्याचा विरोध आणि गाडीच्या पुस्तिकेत दिलेली टपाच्या भाराची मर्यादा पाहूनच तो घ्यावा लागतो. चालत्या गाडीवर वाऱ्याचा विरोध वाढला की बॅटरी लवकर उतरते. गोव्यातील छोट्या अंतरांसाठी आणि फांद्या वाकलेल्या गावरस्त्यांसाठी मागच्या दाराचा तंबूच अधिक व्यवहार्य म्हणावा लागेल.

युनिटांचा जमाखर्च

गाडीच्या बॅटरीची क्षमता किलोवॅट-तासांत सांगितली जाते. एक किलोवॅट-तास म्हणजे वीज बिलावरचे एक युनिट. हे समीकरण लक्षात ठेवले की उरलेला हिशेब घरच्या बिलासारखाच होतो. भारतात विकल्या जाणाऱ्या काही गाड्यांतून बाहेरच्या उपकरणांना वीज घेता येते. या सोयीला व्हेइकल-टू-लोड असे म्हणतात. २०२३ च्या आरंभी आलेली ह्युंदाई आयॉनिक ५, त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये नव्या रूपात आलेली टाटा नेक्सॉन ईव्ही आणि त्यानंतरच्या कर्व्ह व हॅरियर ईव्ही यांच्या काही आवृत्त्यांत ती मिळते. एका वेळी साधारण सव्वातीन ते साडेतीन किलोवॅटपर्यंत भार घेता येतो. म्हणजे इंडक्शन शेगडी आणि पंखा एकत्र चालतात. शेगडी, किटली आणि केस वाळवण्याचे यंत्र मात्र एकदम लावू नये. प्रत्येक आवृत्तीत ही सोय नसते, आणि गाडी विकत घेताना हा प्रश्न विचारायचा राहून जातो.

४५ युनिटांची बॅटरी असलेली मध्यम आकाराची गाडी उदाहरणादाखल घेता येईल. अशी गाडी प्रत्यक्षात एका युनिटात साधारण साडेसहा किलोमीटर चालते. पणजी ते हरमल आणि परत, आसपासच्या फेरफटक्यासह, सुमारे ७५ ते ८० किलोमीटर धरल्यास १२ युनिटे जातात. चौघांच्या कुटुंबाचा रात्रीचा खर्च पाहिला तर तीस वॅटचे दोन पंखे नऊ तास चालून अर्धे युनिट घेतात. दिव्यांचा खर्च नगण्य. छोटी शीतपेटी दिवसभरात अर्ध्या युनिटाच्या आसपास. संध्याकाळचा भात-कालवण आणि सकाळचा नाश्ता इंडक्शनवर केला तर दीड युनिट. एक लिटर पाणी उकळायला युनिटाचा दहावा भाग पुरतो, त्यामुळे चार वेळा चहा झाला तरी अर्धे युनिट होत नाही. चौघांचे फोन तर हिशेबातही धरण्यासारखे नाहीत. बेरीज तीन युनिटांच्या घरात जाते. त्यात गाडीने स्वतःला जागे ठेवण्यासाठी घेतलेली वीज मिळवावी लागते. बाहेर काहीही लावले नसले तरी ही सोय चालू असताना गाडीची अंतर्गत यंत्रणा थोडी वीज खातच राहते. म्हणून काम नसताना ती बंद करणे श्रेयस्कर.

मोठा खर्च एकच, वातानुकूलनाचा. दारे बंद करून गाडीतच झोपल्यास, आतली हवा एकदा थंड झाल्यावर, तासाला अर्धे ते एक युनिट असा ढोबळ अंदाज धरता येतो. आठ तासांत पाच-सात युनिटे. पण मागचे दार उघडे ठेवून तीच थंड हवा तंबूत सोडली, तर कापडाच्या भिंतीतून ती निसटत राहते आणि यंत्र अखंड धावते. मागचे दार उघडे असताना काही गाड्या वातानुकूलन मंदावतात, दिवे लावून ठेवतात, दर थोड्या वेळाने इशारा वाजवतात. तंबूत झोपायचे की गाडीत, हे म्हणूनच ऋतू पाहून ठरवावे. जानेवारीत गोव्यातील रात्रीचे किमान तापमान वीस अंशांच्या आसपास उतरते, डिचोलीच्या अंतर्भागात त्याहूनही खाली. त्या दिवसांत तंबूत पंखाही पुरतो, पहाटे चादर लागते. मे महिन्यात रात्रीही सव्वीस-सत्तावीस अंश आणि हवेत ओलावा इतका की पंख्याने केवळ घाम हलतो. तेव्हा तंबू बसण्या-जेवण्यासाठी आणि गाडी झोपण्यासाठी, अशी वाटणी शहाणपणाची.

सगळे मिळून मे महिन्यातील एका रात्रीचा खर्च, प्रवासासह, सुमारे २२ युनिटे. बॅटरीत निम्म्याहून अधिक शिल्लक राहते. घरी परतून साध्या पंधरा अँपिअरच्या सॉकेटवर ती भरायला सात-आठ तास लागतात. गाडी संध्याकाळी लावली की पहाटे तयार.

वीज बाहेर काढताना काळजी घ्यायची ती घरच्यापेक्षा जास्त, कारण पायाखाली ओली माती असते. गाडीसोबत कंपनीने दिलेलाच जोड वापरावा. वाढीव वायर तीन तारांची, पंधरा अँपिअरची आणि बाहेरच्या वापराची असावी. ती गुंडाळीतून पूर्ण सोडावी, कारण गुंडाळलेली वायर शेगडीच्या भाराने तापून वितळू शकते. सॉकेट जमिनीवर ठेवू नये. रात्रीचे दव पुरेसे पाणी असते. गाडीची वीज घराच्या किंवा झोपडीच्या वायरिंगमध्ये उलटी सोडण्याचा प्रयोग तर कधीच करू नये. त्यात खांबावर काम करणाऱ्या लाइनमनचा जीव जाऊ शकतो. वातानुकूलनासाठी गाडी चालू स्थितीत ठेवली असेल तर हँडब्रेक लावलेला असावा आणि चालकाच्या आसनावर मुले नसावीत. इंजिनाचा आवाज नसल्यामुळे गाडी चालू आहे हे कुणाच्या लक्षातही येत नाही.

पेडणे : वाळू, पाणी आणि पठार

पेडणे तालुक्याचा किनारा मोरजीपासून आश्वे, मांद्रे, हरमल असा केरीपर्यंत जातो. पलीकडे फेरीबोटीने तेरेखोल. तंबूची जाहिरात करणाऱ्या चित्रांत गाडी नेहमी लाटांच्या पुढ्यात उभी असते. गोव्यात ते चित्र बेकायदा आहे. पर्यटन खात्याने ऑक्टोबर २०२२ च्या आदेशाने किनाऱ्यावर वाहन नेण्यास मनाई केली असून दंड ५ हजारांपासून ५० हजारांपर्यंत ठेवला. पर्यटनस्थळांचे संरक्षण व देखभाल करणारा राज्याचा कायदा २००१ चा. त्याला २०१९ मध्ये केलेल्या दुरुस्तीने पर्यटनस्थळी उघड्यावर मद्यपान करणे आणि अन्न शिजवणे दंडनीय ठरले, आणि २०२५ च्या दुरुस्तीने दंडाची कमाल मर्यादा एक लाख रुपयांवर गेली. येथे विजेच्या शेगडीची पळवाट शोधणाऱ्यांनी सावध राहावे. कायद्याचा आक्षेप ज्योतीला नाही, उघड्यावर शिजवण्याला आहे. धूर नसला तरी किनाऱ्यालगत मांडलेली चूल ती चूलच.

कायदा बाजूला ठेवला तरी विजेची गाडी वाळूत नेणे हा आतबट्ट्याचा व्यवहार आहे. बॅटरीमुळे तिचे वजन तेवढ्याच आकाराच्या पेट्रोल गाडीपेक्षा जास्त, आणि बॅटरी नेमकी पोटाखाली. चाके रुतली की गाडी पोटावर बसते, आणि पौर्णिमा-अमावास्येच्या उधाणात पाणी किती वर येईल याचा अंदाज पाहुण्याला नसतो. खारे पाणी बॅटरीत शिरल्यास दुष्परिणाम लगेच दिसतीलच असे नाही. २०२२ मध्ये अमेरिकेतील फ्लोरिडात इयान चक्रीवादळानंतर समुद्राच्या पाण्यात बुडालेल्या काही विजेच्या गाड्यांनी पाणी ओसरल्यानंतर पेट घेतला होता.

आणि मग कासवे आहेत. मोरजी आणि आश्वे-मांद्रेच्या वाळूत ऑलिव्ह रिडले जातीची सागरी कासवे नोव्हेंबरपासून उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत अंडी घालण्यास येतात. ही जात वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. मादी रात्री येते. प्रकाश, हालचाल, आवाज जाणवला की अंडी न घालताच माघारी वळते. साधारण दीड-दोन महिन्यांनी पिल्ले बाहेर पडतात आणि क्षितिजावरच्या उजेडाच्या दिशेने धाव घेतात. तो उजेड समुद्राचा असावा ही निसर्गाची अपेक्षा. तंबूच्या पांढऱ्या दिव्याने ती चुकते. गोव्यात तंबू ठोकण्याचा सुखाचा हंगाम आणि कासवांचा हंगाम नेमका एकच आहे. म्हणून मोरजी, मांद्रे परिसरात किनाऱ्यापासून आत, माडांच्या आड, नोंदणीकृत यजमानाच्या अंगणात गाडी लावावी, समुद्राच्या बाजूचे पडदे सोडावेत आणि दिवे खाली झुकवलेले, मंद, तांबूस ठेवावेत. गाडीचे पुढचे दिवे दार उघडताच आपोआप लागतात. ती सोय बंद करून ठेवणे विसरले जाते.

किनारा सोडून आत वळले की तालुक्याचे दुसरे रूप लागते. शापोरा नदीकाठची हळर्ण, इब्रामपूर, हणखणे, चांदेल ही गावे तंबूवाल्यांना अजून फारशी माहीत नाहीत आणि म्हणूनच मोहक वाटतात. हिवाळ्यात तेथे नदीकाठी मुक्काम करण्यास, मालकाची परवानगी असेल तर, हरकत नाही. पावसाळ्यात मात्र नाहीच. या नदीला वर दोडामार्ग तालुक्यातील तिळारी धरणाचे पाणी मिळते. जुलै २०२१ मधील पुरात पेडणे आणि डिचोली तालुक्यांतील नदीकाठच्या गावांत घरांत पाणी शिरले. शेजारचे साळ गावही त्यात होते. पाऊस वरच्या डोंगरात पडतो आणि पाणी रात्री खाली येते. काठावर झोपलेल्याला आकाश निरभ्र दिसत असले तरी त्यावर विसंबता येत नाही.

मोपाचे पठार डिसेंबर २०२२ मध्ये मनोहर आंतरराष्ट्रीय विमानतळाचे उद्‌घाटन झाल्यापासून बदलले. जांभा दगडाच्या त्या सड्यावर पावसाळ्यानंतर गवत-फुलांचा जो गालिचा पसरतो तो पाहण्यास लोक येतात. पण विमानतळाजवळ विनापरवाना ड्रोन उडवणे गुन्हा आहे आणि पठारावर सावलीही नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये 'ओंकार' नावाने ओळखला जाणारा रानटी हत्ती सिंधुदुर्गातून उतरून मोपा, तांबोसे, तोर्से परिसरातील शेती-बागायतीत वावरला. अशा दिवसांत वन खात्याची सूचना असताना तेथे तंबू ठोकणे हे धाडस म्हणता येत नाही. तंबूत ठेवलेली केळी, फणस, ऊस यांचा वास हत्तीला दुरून येतो. फळे, भाजी, कणीक बंद गाडीत ठेवावी. ही खबरदारी माकडे आणि भटक्या कुत्र्यांसाठीही उपयोगी पडते.

डिचोली : तलाव, खाणी आणि गोचीड

डिचोली तालुका किनाऱ्याविना आहे, आणि तंबूच्या मुक्कामाला तो पेडण्यापेक्षा अधिक मानवतो, असे म्हणण्यास जागा आहे. मये तलावाकाठी पर्यटन विकास महामंडळाचे निवासस्थान आहे. हरवळ्याला लेणी आणि रुद्रेश्वराजवळचा धबधबा, नार्व्याला सप्तकोटेश्वर, लामगावला लेणी. सप्तकोटेश्वराच्या मंदिराचा १६६८ मध्ये छत्रपती शिवाजी महाराजांनी जीर्णोद्धार करविला, आणि अलीकडे राज्य सरकारने केलेल्या नूतनीकरणानंतर फेब्रुवारी २०२३ मध्ये ते पुन्हा भाविकांसाठी खुले झाले. ही सगळी ठिकाणे एकमेकांपासून अर्ध्या-पाऊण तासाच्या आत आहेत. एका जागी तळ ठोकून दोन दिवस फिरले तरी बॅटरी निम्म्यावर येत नाही. देवळाच्या प्रांगणात मात्र गाडी लावून झोपण्याचा बेत करू नये. जागा देवस्थानची असते. आणि एरवी रिकामे दिसणारे मांड उत्सवाच्या दिवसांत गावाचे असतात. शिरगावच्या लईराईची जत्रा किंवा साळचे गडे यांच्या काळात त्या वाटांवर गाड्यांनाच वाट मिळत नाही.

डिचोलीत जमिनीचा प्रश्न इतर तालुक्यांपेक्षा नाजूक आहे. मये गावातील बरीच जमीन पोर्तुगीज राजवटीनंतर स्थलांतरितांची मालमत्ता ठरून १९६४ च्या कायद्याखाली कस्टोडियनच्या ताब्यात गेली, आणि पिढ्यान्‌पिढ्या कसणाऱ्या रहिवाशांना हक्कासाठी दीर्घ लढा द्यावा लागला. अशा गावात कुंपण नसलेली जागा पाहून परक्याने तंबू ठोकला तर त्याच्याकडे कुतूहलाने नव्हे, संशयाने पाहिले जाणे स्वाभाविक आहे. ज्याच्याकडे परवानगी मागायची तो मालक, कूळ की मुंडकार, हे ठाऊक नसेल तर पंचायतीत विचारावे. कोमुनिदादीच्या जागेलाही हाच न्याय.

खाणींचा भाग वेगळ्या कारणाने टाळावा. सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१८ मध्ये ८८ खाणपट्ट्यांचे नूतनीकरण रद्द केल्यानंतर उत्खनन थांबले. लिलावानंतर २०२४ मध्ये डिचोली पट्ट्यातील काम पुन्हा सुरू झाले. बंद खंदकांत साचलेले पाणी निळेशार दिसते आणि छायाचित्रांत खुलते. पण त्याचे काठ भुसभुशीत, उतार सरळ आणि खोली अनिश्चित. अशा पाण्यात माणसे बुडाल्याच्या घटना गोव्याला नव्या नाहीत, आणि पावसाळ्यात धबधबे, नद्या व खाणींच्या पाण्यात उतरण्यास जिल्हा प्रशासन वेळोवेळी बंदी घालते. काठाच्या कडेला दोन टनांची गाडी उभी करणे तर निव्वळ वेडेपणा.

शहरातून येणाऱ्याला क्वचितच ठाऊक असते ती गोष्ट म्हणजे माकडताप. क्यासनूर अरण्यज्वर या नावाचा हा विषाणूजन्य आजार डिचोलीला लागून असलेल्या सत्तरी तालुक्यात २०१५ पासून, आणि त्यानंतरच्या वर्षी पलीकडे दोडामार्ग भागात आढळला. तो गोचिडांमुळे पसरतो. डिसेंबर ते मे हा त्याचा काळ, म्हणजे पुन्हा तंबूचाच हंगाम. काजूच्या बागेत वाळक्या पानांवर अंथरूण टाकून झोपणे हे गोचिडाला आमंत्रण. तंबूचा तळ शिवलेला असावा, तो ठोकण्याआधी पालापाचोळा बाजूला करावा, पायघोळ कपडे व मोजे वापरावेत आणि सकाळी अंगाची, मुलांच्या केसांची तपासणी करावी. माकड मरून पडलेले दिसले तर तेथून निघावे आणि आरोग्य खात्याला कळवावे. परतल्यावर पंधरवड्याच्या आत अचानक ताप, तीव्र डोकेदुखी, अंगदुखी सुरू झाली, तर डॉक्टरांना मुक्कामाची जागा आवर्जून सांगावी. ते न सांगितल्यास साध्या तापाचे उपचार सुरू राहतात आणि मोलाचे दिवस जातात.

काजूच्या बागांचा उल्लेख आला तो आगीसाठीही करायला हवा. मार्च ते मे या काळात दोन्ही तालुक्यांतील डोंगरउतारांवर गवत पूर्ण वाळलेले असते आणि बोंडे गोळा करण्याची धांदल चालू असते. मार्च २०२३ मध्ये म्हादई अभयारण्यात आणि आसपास लागलेल्या आगी विझवण्यासाठी हवाई दलाच्या हेलिकॉप्टरांना पाचारण करावे लागले होते. एका शेकोटीने बागायतदाराचे वर्षाचे उत्पन्न जाते. झाड पुन्हा धरायला वर्षे लागतात. या बाबतीत विजेची गाडी खरोखर कामाची. जेथे खासगी जागेत स्वयंपाकाची मुभा आहे तेथे इंडक्शन पुरते, लाकडे गोळा करायची गरज उरत नाही. पेटत्या शेकोटीभोवती बसण्याची हौस असणाऱ्यांनी ती घरच्या अंगणासाठी राखून ठेवावी.

वीज कोसळण्याच्या दिवसांत, म्हणजे एप्रिल-मेच्या वळिवात आणि ऑक्टोबरच्या परतीच्या पावसात, तंबू मुळीच सुरक्षित नाही. गडगडाट ऐकू येताच सर्वांनी गाडीत बसावे, बाहेरची वायर काढावी, दारे-काचा बंद कराव्यात. बंद धातूच्या सांगाड्यामुळे विजेचा प्रवाह बाहेरून जमिनीत जातो. गाडी पेट्रोलची असो वा विजेची, हा आसरा सारखाच.

यजमानाची बाजू

पैसे घेऊन पर्यटकाला मुक्कामाची सोय देणाऱ्याला, खोली असो की तंबूची जागा, १९८२ च्या पर्यटन व्यवसाय नोंदणी कायद्याखाली पर्यटन खात्याकडे नोंदणी करावी लागते. पाहुणा परदेशी असेल तर चोवीस तासांच्या आत त्याची माहिती कळवावी लागते. अंगणात तंबू ठोकू देणाऱ्या गावातल्या कुटुंबाला हे जाचाचे वाटेल, पण रात्री काही विपरीत घडल्यास याच कागदांवर त्याची बाजू टिकते. पाहुण्यानेही गाडीची पाटी पाहावी. हिरव्या पाटीवर पांढरी अक्षरे म्हणजे खासगी विजेची गाडी. ती भाड्याने देता-घेता येत नाही. भाड्याच्या विजेच्या गाडीला हिरव्या पाटीवर पिवळी अक्षरे असतात. खासगी गाडी भाड्याने घेऊन अपघात झाला तर विमा कंपनी हात वर करते.

राज्याने २०२१ मध्ये वीजवाहन प्रोत्साहन धोरण आणले, आणि जानेवारी २०२४ पासून नव्याने दाखल होणारी पर्यटक वाहने विजेची असावीत अशी घोषणा मुख्यमंत्री प्रमोद सावंत यांनी जुलै २०२३ मध्ये केली होती. महाराष्ट्राने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचे स्वतंत्र धोरण स्वीकारले. या दोन विचारांच्या मधल्या जागेत, म्हणजे सामान्य कुटुंबाची विजेची गाडी आणि गावातले एक सपाट, सावलीचे अंगण यांसाठी, यजमानाला फार खर्च करावा लागत नाही. जमिनीपासून हातभर उंच, झाकण असलेला पंधरा किंवा सोळा अँपिअरचा सॉकेट, त्याला स्वतंत्र एमसीबी आणि गळती-संरक्षक आरसीसीबी, नीट केलेले अर्थिंग, आणि युनिटे मोजणारा छोटा मीटर. जुन्या घरांत पंधरा अँपिअरचा सॉकेट बहुधा गिझरच्या वायरवरून घेतलेला असतो. त्यावर गाडी आठ तास लावली तर वायर तापते. एकदा परवानाधारक इलेक्ट्रिशियनकडून तपासून घेतले की प्रश्न मिटतो.

गाडी भरून देण्याचे पैसे घेण्यासाठी वेगळा वीजविक्रीचा परवाना लागत नाही. केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाने २०१८ मध्येच चार्जिंग ही सेवा आहे, वीजविक्री नव्हे, असे स्पष्ट केले आहे. मात्र घरगुती जोडणीवर व्यवसाय चालवला तर वीज खाते दर बदलू शकते, म्हणून नियमित पाहुणे येऊ लागल्यास आधी उपविभागीय कार्यालयात चौकशी करावी. पाहुण्याकडून रात्रीचे सरसकट शुल्क घेण्याऐवजी मीटरवरचा आकडा दाखवून युनिटाप्रमाणे घेणे दोघांनाही सोयीचे. दुपारी बारा वाजता पोहोचलेल्या आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला निघणाऱ्या गाडीला त्या सॉकेटवरून सहज तीस-पस्तीस युनिटे भरता येतात, आणि केरीहून तेरेखोलला जाणाऱ्या फेरीत ती चढते तेव्हा बॅटरी घरून निघतानाइतकीच भरलेली असते.